चहा, साखर आणि दूध

आमची सून कोलकात्याची. मराठी शिकण्याची तिला भारी हौस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दुधाचे रिकामे पातेले दाखवीत ती मला म्हणाली, "आई, दूध संपली." सारे घर हसले. सर्वांत आधी कोण हसले, हे सांगायची मला आज लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून सूनबाई मुक्यानेच चहा करू लागली.

मग मी विचारात पडले. बंगालीत नामाला व्याकरणातले लिंग नाही. त्यापायी क्रियापद बदलत नाही. आणि आमच्या एवढ्याशा कपात तिन्ही लिंगे! चहा संपला, साखर संपली, दूध संपले. यात तर्क तो कसला चालवायचा? हे कानानेच शिकायचे. मला तरी संस्कृत विभक्ती नियमांनी थोड्याच आल्या? रामरक्षेतल्या एका श्लोकात 'राम' हा शब्द प्रथमेपासून संबोधनापर्यंत सगळ्या विभक्तींत येतो. तो लहानपणी दिव्यापाशी बसून म्हटला. विभक्ती नकळत पाठ झाल्या.

अमेरिकेत अ‍ॅडलेड क्रॅप्सी (१८७८-१९१४) या कवयित्रीने अक्षरे मोजून पाच ओळींची कविता घडवली. पुढे शिक्षकांनी तिचा एक सोपा साचा केला : आधी नाम, मग दोन विशेषणे, तीन क्रियापदे, एक छोटे वाक्य आणि शेवटी पुन्हा नाम. मराठीत तर नाम बदलले, की खालच्या ओळींचे शेवटही बदलावे लागतात.

दुपारी भाजी निवडता निवडता आम्ही दोघी असल्या कविता करू लागलो. 'चहा' झाला, 'साखर' झाली. एके दिवशी मी म्हटले, "आज 'घर' घे." तिने वहीत लिहिले :

घर
मोठं, नवं
बोलतं, हसतं, झोपतं
मला अजून परकं वाटतं
घर

मी पेन्सिल घेऊन चूक शोधीत होते. नपुंसकलिंग कुठेही चुकले नव्हते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटले, "आता तू मला बंगाली शिकव."

हल्ली माझी वही तिच्या हातात असते. मी पाहुण्यांना वस्तूंसारखा 'टा' लावून मोजते, 'जन' म्हणायचे विसरते, आणि ती पोट धरधरून हसते. हसू दे बाई! त्या सकाळच्या हसण्याचे देणे तेवढेच थोडे फिटते.