किल्ली कुणाच्या हातात?

सांगा बघू, ९९ ला मराठीत काय म्हणतात? नव्याण्णव. बरोबर. पण २९ एकोणतीस, ५९ एकोणसाठ, ८९ एकोणनव्वद, मग ९९ एकोणशंभर का नाही? मला नका विचारू. मी तर माझ्या प्रोग्रॅमला हेच शिकवून ठेवलं होतं आणि तो सात वर्षं इमानेइतबारे 'एकोणशंभर' लिहीत होता!

प्रोग्रॅम म्हणजे फार काही ग्रेट नाही. रक्कम आकड्यात टाका, अक्षरी मराठीत मिळेल. पावतीवर, चेकवर लागते ना, तशी. २०१६ मध्ये हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये ट्रॅफिकला कंटाळून लिहिला आणि गिटहबवर टाकून दिला. ओपन सोर्स. कुणीही फुकट वापरा, कुणीही बघा, कुणीही दुरुस्ती सुचवा. फक्त ती दुरुस्ती मूळ कोडमध्ये घ्यायची की नाही, ते मी ठरवणार. या अधिकाराला म्हणतात कमिट ॲक्सेस. सोप्या भाषेत, घराची किल्ली.

ही किल्ली इतकी वर्षं एकटीच्या पर्समध्ये होती. त्याचं काही वाटलंही नाही. कोण येतंय चोरायला?

२०२३ च्या दिवाळीआधी 'तो' आला. तो की ती, तेही माहीत नाही. प्रोफाइलवर फोटो नाही, नाव म्हणजे नुसती चार अक्षरं आणि दोन आकडे. पहिलाच पॅच एकोणशंभरचा. मग सदुसष्ट-अडुसष्टची शुद्धलेखनं. मग पैसे शून्य असतील तर 'शून्य पैसे' छापू नये, अशी बारीक पण शहाणी दुरुस्ती. प्रत्येक पॅचला टेस्ट जोडलेली. मी चूक काढली की वाद नाही, रुसवा नाही, दुसऱ्या दिवशी सुधारून हजर. ऑफिसात अशी माणसं मिळत नाहीत हो!

त्याच सुमारास बाबांची बायपास झाली. दिवसा ऑफिस, रात्री हॉस्पिटलची ती पाठ मोडणारी खुर्ची. त्याचे पॅच साचत गेले. जानेवारीत भलत्याच कुणीतरी येऊन लिहिलं, 'प्रोजेक्ट मेलाय का? जमत नसेल तर दुसऱ्याला द्या की.' फुकटात वापरणाऱ्याने वर हे ऐकवायचं! डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ठरवलं, बाबा घरी आले की याला किल्ली देऊन टाकायची. सुटले.

आणि २९ मार्च २०२४ उजाडला.

'एक्सझेड' नावाचं फाइली छोट्या करणारं एक सॉफ्टवेअर आहे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर ते असतं. अनेक वर्षं ते सांभाळत होता लासे कॉलिन हा एकटा माणूस, पगाराशिवाय. २०२१ च्या शेवटी जिया टॅन या नावाने कुणीतरी पॅच पाठवू लागलं. नम्र, नियमित, कामसू. २०२२ मध्ये इतर काही नावांनी कॉलिनवर दबाव सुरू झाला, काम फार हळू चाललंय, नवा माणूस घ्या म्हणून. त्यातलं एक नाव जिगर कुमार होतं, म्हणजे आपल्याकडचं वाटावं असं! आपली मानसिक तब्येत बरी नसते, हा बिनपैशाचा छंद आहे, असं कॉलिनने तेव्हा सांगितलंही होतं. शेवटी जियाला किल्ली मिळाली. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून सर्व्हरमध्ये शिरायचा चोरदरवाजा बाहेर पडला.

पकडला कुणी? अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, म्हणून तो मागे लागला. अर्धा सेकंद! आपण लिफ्टचं बटण तेवढ्यात चारदा दाबतो. त्या अर्ध्या सेकंदामुळे प्रकरण बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधी थांबलं. जिया टॅन खरा कोण, हे आजवर उघड झालेलं नाही.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. कारण जियाचा बायोडेटा आणि माझ्या 'त्या'चा बायोडेटा अगदी सेम. नम्र, नियमित, बिनचेहऱ्याचा. शिवाय थकलेली मालकीण आणि बाजूने टोमणे मारणारा तिसराच कुणी. माझा प्रोग्रॅम म्हणजे काही बँकेचा सर्व्हर नाही, मान्य. पण कुठल्या कुठल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो चालतो, मला तरी कुठे ठाऊक आहे? दोन आठवडे मी त्याचा प्रत्येक जुना पॅच ओळ न् ओळ उकरला. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही याचंच टेन्शन!

मग वाचत सुटले, बाकीचे काय करतात. गंमत म्हणजे प्रत्येकाचा फंडा वेगळा. अपाचेमध्ये आधीची मंडळी मत देऊन नव्याला आत घेतात. फ्रीबीएसडीत नव्याला सुरुवातीला एक मेंटॉर असतो, त्याच्या होकाराशिवाय काही करायचं नाही, म्हणजे थेट आपली अप्रेंटिसशिप. डेबियनमध्ये आधीच्या डेव्हलपरांनी तुमची ओळख पटवून तुमच्या डिजिटल किल्लीवर सही केलेली लागते. लिनक्सच्या मुख्य कोडची किल्ली तर हजारो लोक हातभार लावत असूनही लिनस टोरवाल्ड्स स्वतःकडेच ठेवतो. आणि दुसऱ्या टोकाला, २००५ मध्ये ऑड्री टँगने 'पग्ज' प्रोजेक्टची किल्ली मागेल त्याला वाटली होती. २०१३ मध्ये फेलिक्स गाइसेनडॉर्फरनेही लिहिलं की कुणी पॅच पाठवला की त्याला सरळ किल्ली द्या, माणसं जबाबदारीने वागतात. त्याचे तसे सोडून दिलेले प्रोजेक्ट इतरांनी छान चालवले. मला हा माणूस आवडला. पण झोप काही लागली नाही.

तोडगा आईने काढला, तोही नकळत. आम्ही चार दिवस कोल्हापूरला निघालो होतो. दाराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली, झाडांना पाणी घालायला. कपाटाची मात्र आईच्या पर्समध्ये. मी म्हटलं, "काकूंवर विश्वास नाही का?" आई म्हणाली, "अगं, झाडं कपाटात आहेत का?"

एकदम ट्यूब पेटली! एक्सझेडमध्येही चोरीचा एक महत्त्वाचा तुकडा कोडच्या उघड्या इतिहासात नव्हता. तो फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात घातला होता. म्हणजे कोडमध्ये बदल करायची किल्ली वेगळी आणि नवी आवृत्ती लोकांपर्यंत पाठवायची वेगळी. पहिली त्याला, दुसरी माझ्याकडे. वर एक नियम, दुसऱ्याने तपासल्याशिवाय कुणाचाच बदल आत जाणार नाही. माझासुद्धा.

तरी मला त्याचा आवाज ऐकायचा होता. व्हिडिओ कॉल करू या का, असं लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. झालं, मी मनात 'जिया' म्हणून शिक्कासुद्धा मारला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'मॅडम, लिहायला जमतं, पण बोलायचं इंग्लिश येत नाही. कॉल नको.'

मी लिहिलं, 'अहो, आपण मराठी अंकांचा प्रोग्रॅम लिहितोय!'

कॉल झाला. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर बघणारा मुलगा, पंचविशीचा. मागे पंख्याचा खडखडाट. सगळं खोटंही रचता येतं, हे आता मला कळतं. पण मी विचारलं, "आमच्या प्रोग्रॅमकडे कसे वळलात?" तर तो हसायलाच लागला. "पावतीवर 'एकोणशंभर रुपये फक्त' छापून आलं. एक आजोबा काउंटरवर म्हणाले, एकोणशंभर कुठल्या गावात चालतात? सगळी लाइन हसली मॅडम. साहेबांनी मला बोलावलं."

हे रचून सांगायला फार वरच्या दर्जाचा गुप्तहेर लागेल. जून २०२४ मध्ये दाराची किल्ली दिली.

किल्ली हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने माझाच एक बदल अडवला. 'मॅडम, टेस्ट नाही जोडलेली.' मी लिहिलं, छोटासा बदल आहे, जाऊ दे ना. त्याचं उत्तर, 'नियम तुम्हीच केलाय.'

बाबांना दाखवलं. ते आता रोज सकाळी अर्धा तास चालतात. म्हणाले, "मग लिही की टेस्ट, बसलीस काय?"