चांद सतरा, सकाळी सुकती

रविवारची सकाळ होती. फजरनंतर मी पुन्हा पांघरुणात शिरलो होतो. तेवढ्यात ओटीवरून अब्बांचा आवाज आला, "आज चांद सतरा. सकाली सुकती हाय. गेलास नाय?"

मी झोपेचं सोंग घेतलं. सलग तीन रविवार मी खाडीवर गेलो नव्हतो आणि त्याचं कारण घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे अब्बा चौथी शिकलेले. उभं आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलं, शेवटची वर्षं तांडेल म्हणून. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळतायत. पण भरती-ओहोटीचा हिशेब अजून तोंडावर. लहानपणी शाळेत पाठ केलेली पाऊणकी त्यांना तिथे कामाला आली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातल्या किनाऱ्यावर पुष्कळांना माहीत असतं. आमच्याकडे तिथी नसते, चांद असतो. म्हणून अब्बा चांदाच्या तारखेत एक मिळवतात आणि बेरीज पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करतात. चांद सतरा म्हणजे तीज. तीन पाऊणे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी आठच्या आसपास सुकती. हिजरी महिना आणि पंचांग दोन्ही एकाच चंद्रावर चालतात, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, अब्बांच्या बोटांवरच्या हिशेबाने शिकवलं.

मला पक्ष्यांचा नाद लागला तो शाळेमुळे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अलींचा. आमच्या उर्दू शाळेत कार्यक्रम घ्यायचा होता आणि दोन्ही भाषा शिकवतो म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. तयारी करताना सालिम अलींची गोष्ट वाचली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, आईवडील लवकर गमावलेला मुलगा. छर्‍याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी त्याला रागावून हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढे त्याच माणसाने अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची घरटी बघत महिने काढले. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने खिशातली बेचकी हळूच दप्तरात सरकवली. मी पाहिलं, पण काही म्हणालो नाही. मिलार्ड आठवले.

त्यानंतर मीच एक दुर्बीण घेतली आणि भाट्याच्या खाडीवर जाऊ लागलो. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. पाणी हटलं की त्यांचं ताट वाढलं जातं. थंडीच्या दिवसांत त्या पट्ट्यांवर कुरव बसतात, ज्यांना आपण सगळे सरसकट सीगल म्हणतो. चिखल्या असतात, चार पावलं धावतात, थबकतात, चोच मारतात, पुन्हा धावतात. तुतारी शेपूट हलवत काठाकाठाने फिरते. यातल्या काही चिखल्यांची घरटी लडाख-तिबेटकडे उंचावर असतात. मुठीत मावेल एवढा जीव हिमालय ओलांडून आमच्या खाडीतले किडे खायला येतो.

तपकिरी डोक्याच्या कुरवाने मला सुरुवातीला फार फसवलं. पुस्तकात नाव तपकिरी डोक्याचा आणि समोर बसलेला पक्षी पांढऱ्या डोक्याचा, कानामागे फक्त एक काळपट ठिपका. नंतर कळलं की ते तपकिरी डोकं विणीच्या हंगामातलं. ते आमच्याकडे पाहुणे असतात तेव्हा उतरवून ठेवलेलं असतं. मार्च उजाडला की हळूहळू डोकं रंगू लागतं. तेव्हा समजायचं, पाहुणे निघायच्या तयारीला लागले.

मुलांच्या वहीत आम्ही तीन रकाने केले: उर्दू, मराठी, आणि घरी काय म्हणतात. तारेवर ओळीने बसणारी अबाबील मराठीत भिंगरी. हुदहुद मराठीतही हुदहुदच. सूरह फीलमधला 'अबाबील' शब्द अरबीत एका पक्ष्याचं नाव नसून थव्याथव्यांनी येणारे असा त्याचा अर्थ आहे, हे सांगितलं तेव्हा मुलांपेक्षा मौलवीसाहेबच जास्त खूश झाले. तिसऱ्या रकान्यात मात्र बहुतेकांनी एकच शब्द लिहिला: पाखरू.

आता त्या तीन रविवारांकडे येतो.

डिसेंबरची सकाळ होती. मी पुलाजवळ दुर्बीण लावून उभा होतो. दोन तरुण गाडी थांबवून जवळ आले. काय बघताय, असं विचारलं. मी सांगितलं, पक्षी. त्यांनी नाव विचारलं. तेही सांगितलं. त्यानंतरचे प्रश्न वेगळे होते. कुठे राहता, दुर्बीण कशाला लागते, रोज येता का, वहीत काय लिहिता. एकाने वही उघडली. डाव्या बाजूला उर्दू पाहून तो थांबला. "हे काय लिहिलंय?" मी म्हणालो, "चिखल्या, बावीस." त्याचा विश्वास बसला नाही. मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि ते निघून गेले.

एवढंच झालं. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. शिक्षक म्हणून किनाऱ्याच्या सुरक्षिततेवर मीच मुलांना निबंध लिहायला सांगतो. अनोळखी माणसाला विचारायला हवं, हेही मला पटतं. पण नाव सांगण्याआधीचा आवाज आणि नंतरचा आवाज यातला फरक माझ्या कानातून जाईना. ज्या खाडीत माझ्या बापाने जाळी टाकली, तिथे मी अनोळखी कसा झालो? दुर्बीण कपाटात गेली. मुलांना सांगितलं, सध्या परीक्षेचं काम आहे.

"गेलास नाय?" अब्बांनी पुन्हा विचारलं. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग टोपी घालत म्हणाले, "चल, मी पन येतंय."

स्कूटरवर मागे बसवून नेलं. ते काठावर उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले. मी दुर्बीण दिली, त्यांनी डोळ्याला लावली आणि परत केली. "धुकां दिसतां." मग मान खाली घालून नुसते ऐकत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाखरां उठली बघ, त्या अंगाला." मी वळलो. खरंच, शंभरेक कुरव एकदम उडाले होते आणि त्यांच्यावर एक घार घिरट्या घालत होती. समुद्रात पाखरं जिथे बुडी मारतात तिथे मासळी, हे बघून अब्बांनी आयुष्यभर होडी वळवली. त्यांना एकाचंही नाव माहीत नाही. मला नावं माहीत आहेत आणि ती उडाल्याचं कळलं नव्हतं.

तासाभरात चार-पाच माणसं थांबली. कुणी जाळं सुकवणारा, कुणी फिरायला आलेले निवृत्त मास्तर. "काय तांडेल, बरं हाय ना?" प्रत्येकाला अब्बा माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्यो पाखरां मोजतंय. शालेसाठी." मास्तरांनी दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

तेव्हापासून मला कुणी हटकलेलं नाही. अब्बा बरोबर असतात म्हणून, की ते दोघे पुन्हा त्या वाटेने आलेच नाहीत म्हणून, मला सांगता येणार नाही. एकटा असतो तेव्हा गाडी थांबल्याचा आवाज आला की पाठ अजून ताठ होते. हे लिहून ठेवतो, कारण सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

वही मात्र बदलली नाही. डावीकडे उर्दू, उजवीकडे मराठी. आता ती बेचकीवाल्या मुलाकडे असते, मोजदाद तोच लिहितो. तिसऱ्या रकान्यातही भर पडते आहे, मुलं आजोबांना विचारून येतात.

परवा कुरवांची डोकी काळवंडलेली दिसली. अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे निघाली." आणि बोटांवर पुढच्या रविवारचा चांद मोजू लागले.