दुसऱ्यांदा ठेवलेला हात



पदवीचे निकाल लागले की दरवर्षी आमच्या धर्मग्रामात एकच प्रश्न फिरू लागतो. मिस्सा संपल्यावर आवारात मुले-मुली गाठतात आणि विचारतात, "सर, बी.ए. झालं. आता पुढं काय?" आम्ही रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी माणसे, आमच्यातही कलाशाखेचेच जास्त. बँकेची परीक्षा, बी.एड., गोव्यातले हॉटेल, आखाती देश ही उत्तरे आम्हाला तोंडपाठ आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या कामाची भर पडली आहे. त्याचे नाव बिहेविअर थेरपी टेक्निशियन. आमच्या युवक संघातली एक मुलगी गेल्या वर्षी बेळगावातच या कामाला लागली, तेव्हा तिच्या काकांना वाटले, पोरगी फ्रिज-एसी दुरुस्त करायला शिकतेय. वडिलांना काम कळले होते, पण ते वेगळ्याच कारणाने नाराज होते. "बी.ए. करून दुसऱ्याची पोरं सांभाळायची? मग शिकवलं कशाला?"

हा प्रश्न इतर घरांतही विचारला जाईल, म्हणून आज त्यावरच थोडे चिंतन करू या.

ऑटिझम, म्हणजे ज्याला आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात, ती असलेल्या काही मुलांना बोलणे, मागणे, वाट पाहणे, कपडे घालणे या गोष्टी इतर मुलांसारख्या बघून-ऐकून आपोआप येत नाहीत. त्या मुद्दाम, तुकडे करून शिकवाव्या लागतात. हात धुण्याचेच घ्या. आपल्यासाठी ते एक काम. टेक्निशियनच्या कागदावर त्याच्या आठ पायऱ्या असतात: नळाजवळ जाणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, तळवे चोळणे, फेस धुणे, नळ बंद करणे, टॉवेलला हात पुसणे. मूल कुठल्या पायरीवर अडते ते बघायचे. तिथे आधी हाताला हात धरून मदत करायची, मग नुसते कोपराला स्पर्श करून, मग बोट दाखवून, आणि शेवटी काहीच न करता थांबायचे. जमले की त्याला जे मनापासून आवडते ते लगेच द्यायचे: साबणाचे फुगे, झोपाळ्याचा एक झोका, कधी नुसती टाळी. योजना वरिष्ठ तज्ज्ञ आखतात. ती रोज मुलासमोर जमिनीवर बसून अमलात आणणे आणि प्रत्येक वेळी काय घडले ते लिहून ठेवणे हे टेक्निशियनचे काम.

आमच्या या मुलीने नाव-गाव न सांगता एका लहानग्याची हकिगत आम्हाला सांगितली. त्याला तहान लागली की तो रडायचा आणि डोके भिंतीवर आपटायचा. तांब्यातले पाणी एकच, पण आई त्याला पाणी म्हणायची, आजी उदक म्हणायची, शेजारी नीरु आणि बालवाडीत वॉटर. आपल्या सीमाभागातल्या मुलांना हे चार शब्द सहज पेलतात, याला ते पेलत नव्हते. वरिष्ठांनी घरच्यांशी बोलून एकच शब्द ठरवला, आणि शब्द येईपर्यंत पेल्याचे एक चित्र. चित्र हातात दिले की लगेच पाणी मिळायचे. असे दिवसातून कितीतरी वेळा, आठवडेच्या आठवडे. एका सकाळी तो स्वतः उठला, चित्र काढून तिच्या हातावर ठेवले आणि तिच्याकडे पाहिले. तोंडातून शब्द आला नव्हता. पण त्या दिवशी तहानेसाठी भिंतीवर डोके आपटले नाही. आईने पदर डोळ्यांना लावला, असे ती म्हणाली. आम्हीही गप्पच झालो.

हे ऐकताना आम्हाला मार्ककृत शुभवर्तमानाचा 8 वा अध्याय आठवला. बेथसैदा येथे लोक एका आंधळ्याला प्रभू येशूकडे आणतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसते का? तो माणूस खरे ते सांगतो: माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. प्रभू त्याच्यावर रागावत नाही, विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. तो पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आणि मग त्याला सगळे स्पष्ट दिसू लागते.

ज्याच्या एका शब्दाने वादळ शमले, तो इथे दोनदा हात ठेवतो. मधे थांबून विचारतो, आणि उत्तर ऐकून घेतो. आपण मुलांना काही शिकवताना नेमके हेच विसरतो. एकदा सांगितले की झाले असे आपल्याला वाटते. दुसऱ्यांदा सांगावे लागले की आवाज चढतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑटिझम हा शाप नव्हे, भूतबाधा नव्हे, आईवडिलांच्या पापाची शिक्षा तर मुळीच नव्हे. योहानाच्या 9 व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाविषयी हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो तिथेच मोडून काढला. थेरपीने ऑटिझम "बरा" होतो असेही नव्हे. बेथसैदाच्या गोष्टीतून आपण घ्यायची ती प्रभूची रीत: गर्दीतून बाजूला नेणे, हात धरणे, विचारणे, आणि पुन्हा हात ठेवणे.

त्या आंधळ्याच्या खरेपणाकडेही लक्ष द्या. चांगले दिसते असे तो खोटेच म्हणाला असता, तर? टेक्निशियनच्या रोजच्या नोंदवहीत हाच मोह उभा असतो. मुलाने साबण उचलला, पण कोपराला आपला हलका स्पर्श झाला होता. काचेपलीकडे आई आशेने बघते आहे. "स्वतः केले" या रकान्यात खूण केली तर आई सुखावेल, केंद्रातले लोक शाबासकी देतील. पण त्या खोट्या खुणेवर पुढची योजना उभी राहील, मदत वेळेआधी काढून घेतली जाईल आणि मूल पुन्हा अडेल. आमच्या मुलीने सांगितले, "सर, मी 'मदतीने' असंच लिहिते. वाईट वाटतं, पण तेच लिहिते." मुलावरचे प्रेम तिला त्या एका रकान्यात सिद्ध करावे लागते.

या उपचारपद्धतीचा इतिहास सगळाच निर्मळ नाही, हेही या वाटेला जाणाऱ्यांनी ठाऊक करून घ्यावे. अमेरिकेत 1960 च्या दशकात ईव्हार लोव्हास यांच्या प्रयोगांत मुलांना चापट्या आणि विजेचे झटकेसुद्धा दिले गेले. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आज सांगतात की, आम्हाला शिकवण्याच्या नावाखाली आमचा स्वभावच लपवायला लावला. त्यांचे ऐकले पाहिजे. म्हणून नोकरी धरण्यापूर्वी केंद्र नीट पाहा. मुलाने मान फिरवली, "नको" असे दाखवले, तर तिथे थांबतात का? कुणालाही इजा न करणारे हात हलवणे, गोल फिरणे तिथे बळेच बंद करतात का? आईवडिलांना केव्हाही आत डोकावता येते का? नव्या माणसासोबत अनुभवी तज्ज्ञ प्रत्यक्ष बसतात का? बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही प्रभूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याला बोलता येत नाही त्यालाही विचारायचे असते. उत्तर चेहऱ्यावर वाचायचे असते.

आता व्यवहाराचे. अमेरिकेत या कामासाठी "रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन" असे प्रमाणपत्र आहे: वय किमान 18, बारावीच्या तोडीचे शिक्षण, 40 तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी, मग परीक्षा, आणि त्यानंतरही कायम वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम. ते देणाऱ्या मंडळाने 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणे थांबवले आहे. तेव्हा ते प्रमाणपत्र इथे बसून मिळवून देतो असे कुणी सांगितले, तर पैसे भरण्याआधी चारदा विचारा. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने चालणारी भारतीय पुनर्वास परिषद आहे. तिची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, तर पुढची वाट पक्की होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांचे दिव्यांगत्व मानले आहे आणि त्यांत ऑटिझम आहे. म्हणजे या मुलांना शिकवणे हा उपकार राहिला नाही, तो त्यांचा हक्क आहे.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. गुडघे दुखतात. कधी चावा बसतो, केस ओढले जातात. महिनाभर काहीच हलत नाही असेही होते. हे सगळे आम्ही त्या वडिलांसमोर मांडले. मग विचारले, होशेयच्या 11 व्या अध्यायात देव आपल्या लोकांना चालायला शिकवतो, त्यांना भरवण्यासाठी खाली वाकतो असे संदेष्टा सांगतो. ते काम देवाला हलके वाटले नाही, तर आपल्याला का वाटावे? ते लगेच हो म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. आता ते तिला सकाळी स्कूटरवरून केंद्रापर्यंत सोडतात. तेवढे उत्तर आम्हाला पुरेसे आहे.

तिच्या कामाने आमचे वर्गही बदलले. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला यंदा असाच एक मुलगा आहे. त्याला प्रार्थना पाठ होत नाहीत. धर्मसभेच्या कायद्यातील 913 वे कलम सांगते की मुलांनी हे रहस्य आपापल्या कुवतीप्रमाणे जाणावे. म्हणून आम्ही मिस्साची चित्रे ओळीने लावली आहेत. अभिषेक न झालेल्या भाकरीने घरी सराव चालतो, कारण ती चव आणि जिभेवरचा तो स्पर्श त्याला नवा आहे. वेदीवरची घंटा वाजली की तो कान झाकतो. त्याला मागच्या दाराजवळचा बाक दिला आहे. पोप फ्रान्सिस यांनी 22 नोव्हेंबर 2014 रोजी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुले आणि त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली होती. आपल्या धर्मग्रामाला तर त्यासाठी रोमला जावे लागत नाही. मिस्साच्या वेळी एखादे मूल ओरडले, तर मागे वळून त्याच्या आईकडे रोखून पाहू नका. तिला बसायला जागा द्या. हे काम करायला प्रमाणपत्र लागत नाही.

आणि तुमच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने ही वाट निवडली, तर केंद्र पारखून घ्या, अभ्यासक्रम पारखून घ्या, आणि मग आशीर्वाद द्या.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आंधळ्याचा हात धरलास, त्याचे खरे उत्तर ऐकलेस आणि पुन्हा हात ठेवलास. जी मुले शब्दांवाचून मागतात त्यांचे मागणे आम्हाला कळू दे. त्यांना शिकवणाऱ्या तरुण हातांना धीर दे, त्यांच्या लेखणीला खरेपणा दे, थकलेल्या आईवडिलांना विसावा दे. आणि आमची दृष्टी अजून अंधुक आहे; आमच्याही डोळ्यांवर पुन्हा एकदा हात ठेव. आमेन.