बटणावरचा हात

मेम्फिस हे अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीकाठचं शहर. कापसाचा मोठा बाजार. आपल्या पोरांना हे नाव ठाऊक आहे ते ४ एप्रिल १९६८ मुळं. मार्टिन ल्यूथर किंगला तिथं गोळी घातली. पण किंग तिथं गेलाच कशाला होता, असं विचारलं की निम्मे गप्प होतात. सफाई कामगारांच्या संपासाठी गेला होता. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीत दोन काळे कामगार चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून तेराशे माणसं कामावर गेली नाहीत. हातात, गळ्यात पाट्या : मी माणूस आहे. आपल्याला याचा वेगळा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

मला सांगायचंय ते त्याच्या वीस वर्षं आधीचं, त्याच गावातल्या एका रेडिओ केंद्राचं.

डब्ल्यूडीआयए. नाव कसलं, नुसती चार अक्षरं. १९४७ च्या जूनमध्ये जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन या दोन गोऱ्यांनी हे केंद्र काढलं. ताकद अडीचशे वॅट, म्हणजे आपल्या जयंतीच्या भोंग्यांपेक्षाही कमी. लावायचे काय, तर गोऱ्यांची खेड्यातली गाणी आणि बैठकीच्या खोलीत शोभणारी हलकीफुलकी गाणी. गावात हेच लावणारी केंद्रं आधीचीच चालू होती. कुणी ऐकेना, जाहिराती येईनात. वर्षभरात धंदा बुडायला आला.

मग फर्ग्युसनच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपल्याकडच्या दुकानदाराच्या ती कधीच ध्यानात येते, पण तो बोलत नाही. गावात दहांतली चारेक माणसं काळी आहेत. ती साबण घेतात, पीठ घेतात, खोकल्याचं औषध घेतात. आणि त्यांच्यासाठी एकही केंद्र एक शब्द बोलत नाही.

२५ ऑक्टोबर १९४८. दुपारचे चार. माइकपुढं नॅट डी. विल्यम्स. काळ्यांच्या शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, वर्तमानपत्रात सदर लिहिणारा. दक्षिणेतल्या त्या शहरात काळा माणूस काळ्यांसाठी रेडिओवर कार्यक्रम सादर करतोय, हे तोवर झालंच नव्हतं. लाल दिवा लागला आणि मास्तर काय बोलायचं तेच विसरला. काही सुचेना म्हणून हसला. मोठ्यांदा, पोट धरून हसला. पुढं ते हसू त्याची ओळख झालं. गोऱ्यांचे निषेधाचे फोन आले. पण ऐकणारे वाढले, जाहिराती वाढल्या, आणि १९४९ संपेपर्यंत माइकवरचे सगळे कार्यक्रम काळ्यांचे आणि काळ्यांसाठी झाले. ब्लूज, गॉस्पेल, सगळं. सबंध अमेरिकेत असं हे पहिलं केंद्र. १९५४ साली ताकद झाली पन्नास हजार वॅट. देशातल्या काळ्यांपैकी दहावा हिस्सा आपल्या टप्प्यात आहे असा केंद्राचा दावा होता. कापसाच्या रानात राबणाऱ्याच्या झोपडीत आता त्याचंच गाणं वाजायला लागलं.

कोण कोण माणसं तिथं आली बघा. बी. बी. किंग. मिसिसिपीतल्या मळ्यावर कापूस वेचणारा, ट्रॅक्टर हाकणारा पोरगा, गिटार घेऊन केंद्रावर गेला. त्याला दहा मिनिटं मिळाली ती एका टॉनिकची जाहिरात गायच्या बोलीवर. पेप्टिकॉन टॉनिक. त्यात दारूचा अंश होता, म्हणून खपायचंही जोरात. जगातला एवढा मोठा गायक, सुरुवात बाटली विकण्यापासून. रूफस थॉमस तर नॅट मास्तरचाच विद्यार्थी. कापडाच्या कारखान्यात बॉयलरवर काम करायचा आणि पाळी संपवून रेडिओवर यायचा. नाव झालं, तरी कित्येक वर्षं त्यानं कारखाना सोडला नाही. पोटाचं गणित त्याला गाण्याहून चांगलं कळत होतं. गिरणगावात दिवसपाळी करून रात्री कलापथकात उभे राहणारे आपले शाहीर आठवा, म्हणजे हा माणूस परका वाटणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते ऐका. सुरुवातीच्या त्या वर्षांत काळा निवेदक माइकपुढं बसायचा, आणि काचेपलीकडं यंत्राच्या पाटावर गोरा बसायचा. तबकडी लावायची त्यानं, आवाज वर-खाली करायचा त्यानं. काळ्यानं बोलायचं, हसायचं, गायचं. बटणाला हात लावायचा नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला आमची चावडी दिसली.

आमच्या गावात पंचायतीचा रेडिओ आला तेव्हा मी सातआठ वर्षांचा असेन. लाकडी खोका, त्यावर भरतकाम केलेलं फडकं, बाहेर लिंबाला बांधलेला कर्णा. संध्याकाळी शेतीची माहिती, बाजारभाव, मग गाणी. गाव ओट्यावर बसायचं. आम्ही रस्त्यापलीकडं, उकिरड्याच्या अंगाला उभे. कर्ण्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. त्याला कोण अडवणार? वाऱ्यावरनं महारवाड्यातसुद्धा जायचा, आमची आजी चुलीपुढं बसून ऐकायची. आवाज बाटत नव्हता. एकदा पावसात कोतवाल नव्हता, खोका नुसताच खरखरत होता, आणि आमच्यातला एक मोठा पोरगा ओट्यावर चढून सुई सारायला गेला. पुढचं सांगत बसत नाही, तुम्हाला पाठ आहे. त्याच्या आईला चावडीपुढं उभं करून बोलले, आणि खोका गोमूत्र शिंपडून पुसला.

आजी म्हणाली, ''आवाज चालतो व्हय रं त्यास्नी आपल्या कानात गेल्याला? मंग बटणालाच काय झालं?''

मी बरेच ग्रंथ वाचले, परिसंवादांत बसलो. एवढा नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

त्या खोक्यातून येणाऱ्या गाण्याचीही एक गंमत आहे. माझा बा जलशात पेटी वाजवायचा. पेटी हे आमचं निम्मं सैन्य. ढोलकी, पेटी, झांज, आणि बाबासाहेबांचा विचार गावोगाव. आणि या पेटीला ऑल इंडिया रेडिओनं १९४० सालीच बंदी घातलेली! का, तर तिच्यातून श्रुती नीट निघत नाहीत, ती परदेशी आहे. ती बंदी सैल व्हायला १९७० उलटलं. बाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ''बरं झालं, आमी कवा त्यांची परवानगी मागितली न्हवती.''

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. देशाचे कान शुद्ध करायचे म्हणून सिनेमाच्या गाण्यांना दार जवळजवळ बंद झालं. शास्त्रीय संगीत वाढवलं. लोकांनी काय केलं? सुई सिलोनकडं फिरवली. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडं बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. म्हणजे तिथं मेम्फिसला दुकानदारानं गाणं बदललं, इथं आधी सोवळ्यानं बदललं आणि मग नाइलाजानं. देशभर वाद झडला : राग की सिनेमा? छान वाद. पण त्या वादात जलसा कुठल्याच बाजूला नव्हता. आमचं गाणं शुद्धही नव्हतं आणि विकाऊही नव्हतं. पुढं कॅसेटी निघाल्या, भीमगीतं विकली जातात हे व्यापाऱ्याला कळलं, तेव्हा ते रातोरात 'गाणं' ठरलं.

म्हणून मी डब्ल्यूडीआयएच्या नावानं टाळ्या वाजवत नाही. पण थुंकतही नाही. आपल्याकडं ही एक खोड आहे : भांडवलदाराचा पैसा लागला की सगळं विटाळलं. हेही एक सोवळंच की! नॅट मास्तरला मालकाचा हेतू कळत नव्हता असं समजू नका. इतिहासाचा मास्तर होता तो. त्यानं त्याच केंद्रावर काळ्यांच्या प्रश्नांवर चर्चेचा कार्यक्रम चालवला. केंद्रावरून हरवलेल्या माणसांच्या, हरवलेल्या वस्तूंच्या सूचना जात. केंद्राच्या मदतनिधीतून काळ्या अपंग पोरांना शाळेत नेणारी बस आली. ज्या शहरात प्राणिसंग्रहालयात जायलासुद्धा काळ्यांना आठवड्यातला एक ठरलेला दिवस होता, तिथं ही बस लहान गोष्ट नव्हती. आणि शाळेतली नोकरी त्यानं सोडली नाही. सकाळी फळा, दुपारी माइक. मला यातली हुशारी दिसते. मालक उद्या गाणं बदलील, त्याला बांधून राहायचं नाही.

आणि मालकानं केंद्र विकलंच, १९५७ साली. हसणारे, गाणारे, सूचना वाचणारे सगळे आपले. विक्रीच्या कागदावर त्यातल्या एकाचीही सही लागली नाही.

हे सगळं आज उकरायचं कारण असं. आमच्या वस्तीतली सहा पोरं-पोरी इंटरनेटवरचा रेडिओ काढताहेत. म्हाताऱ्या गायकांचा आवाज टिपून ठेवायचा, जलशातली गाणी, वस्तीच्या नळाची, नोकऱ्यांची, शिष्यवृत्तीची माहिती. एक बिल्डर खर्च करायला तयार झालाय. यंत्रं देतो, खोली देतो, वर्षाचं भाडं देतो. फक्त म्हणतो, नुसती गाणी लावा. भीमगीतं चोवीस तास लावा, माझी हरकत नाही. भाषणं नकोत. पोरांत दोन तट पडले. एक म्हणतो, बाबासाहेबांचं नाव चोवीस तास वाजतंय, अजून काय पाहिजे? दुसरी म्हणते, काका, हा आपल्याला कर्णा देतोय, खोका नाही.

त्या पोरीचं हे वाक्य ऐकून मी हे लिहायला बसलो. तिला चावडीची गोष्ट ठाऊक नाही.

त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तेलंगणात मेदकच्या भागात माचनूर गावी दलित बायकांनी २००८ साली संघम रेडिओ सुरू केला. बी-बियाणं, पीकपाणी, त्यांची गाणी. आणि तिथं यंत्रापुढं बसणाऱ्या त्याच होत्या. सामुदायिक रेडिओला सरकारनं बातम्या द्यायची मुभा दिलेली नाही, इतकं सरकारसुद्धा माइकला भितं. दुसरी गोष्ट, बिल्डरचा पैसा घ्यायचा की नाही हा प्रश्न मागून. आधी हे ठरवा, की पासवर्ड कुणाच्या हातात राहणार, यंत्राची पावती कुणाच्या नावानं फाटणार, आणि उद्या त्यानं खोलीला कुलूप लावलं तर टिपलेले आवाज कुठं असतील.

परवाच्या बैठकीत रात्री साडेबारापर्यंत भांडण झालं. पावती मंडळाच्या नावानं करायची ठरली. पासवर्ड दोन पोरींकडं. टिपलेल्या आवाजांची एक प्रत विहारातल्या कपाटात. भाषणांबद्दलची अट मान्य नाही असं पत्र लिहिलं, सहा जणांनी सह्या केल्या, आणि मंगळवारी नेऊन दिलं. बिल्डरचा अजून फोन नाही. पोरांनी मात्र वाट न बघता काम सुरू केलंय. पहिला आवाज टिपला तो एका ऐंशी वर्षांच्या पेटीवाल्याचा. भाता फाटलाय, दोन पट्ट्या वाजत नाहीत, तरी त्यानं तासभर वाजवलं.