एका तारखेच्या दोन ओळी

आमच्या कार्यालयात दिनविशेषाचे सदर माझ्याकडे आहे. १६ डिसेंबरची ओळ तर मला तोंडपाठच झालेली: ‘१९७१ – ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर लेफ्टनंट जनरल नियाझी यांची लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे शरणागती, सुमारे ९३ हजार कैदी, बांगलादेश मुक्त.’ एवढे लिहिले की माझे काम संपत असे.

एकदा ही ओळ मी शेजारच्या काकूंना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. त्यांचा धाकटा भाऊ त्याच युद्धात, पण पश्चिम सीमेवर होता. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, त्या दिवशी साऱ्या आळीने पेढे वाटले. आम्हीही वाटले. तार नंतर आली.’’

मला पुढे बोलवेना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संदर्भ उघडले. पूर्वेला शरणागती झाली त्याच दिवशी, पश्चिमेला शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले आणि धारातीर्थी पडले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेला हा तरुण अवघा २१ वर्षांचा होता. परमवीरचक्र मिळाले, ते मरणोत्तर. पश्चिमेकडची युद्धबंदी लागू झाली १७ डिसेंबरला.

आता १६ डिसेंबरला मी दोन ओळी लिहिते. जागा कमी पडली, तर पहिली आटोपशीर करते; दुसरी गाळत नाही.