मळकी नोट, फाटकी नोट आणि नातवाचा हेडफोन

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी घरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा फोटो टाकला होता. खाली सगळ्यांनी आपापल्या आठवणी लिहिल्या. त्यात एकाने लिहिलं, "अरेरे, पॉलिश पार उडालंय, वाया गेला." तो वाया गेला की नाही हे त्याचा कान पिळल्याशिवाय कसं कळणार, असं मनात आलं आणि दिवाळीत आमच्या घरी झालेला एक वाद आठवला. जरा लांबण लागेल, पण वाचा.

माझा नातू पुण्याला नोकरी करतो. त्याला हेडफोनचा नाद आहे. नाद म्हणजे कसा, आपल्यातल्या काही जणांना तंबोऱ्याचा किंवा पानाचा असतो तसा. दिवाळीला बालाघाटला येताना त्याने एक हेडफोन इथल्याच पत्त्यावर मागवला. किंमत ३१ हजार. आमच्या लहानपणी गोंदियाहून रेडिओ आणायचा तर छोट्या लाइनच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसावं लागे, आणि आणल्यावर पोस्टात त्याचं लायसन्स काढावं लागे. आता कुरिअरवाला दारात देऊन जातो.

खोकं उघडलं आणि पठ्ठ्याने मोबाइलची बॅटरी लावून तपासणी सुरू केली. डाव्या कपाच्या कडेला तिळाएवढा रंगाचा टवका उडालेला. दोन भाग जिथे जुळतात तिथे सांधा सारखा नाही, नख अडकतं. डोक्यावरच्या पट्टीची एक टीप तिरकी. कानाची गादी काढून बघितली तर आत वाळलेल्या गोंदाचा एक थेंब. झालं. "आबा, परत करणार. सात दिवसांची मुदत आहे. एवढे पैसे मोजून टवके कोण घेतं?"

मी म्हटलं, "आधी ऐकून तर बघ."

"ऐकायचा प्रश्नच नाही आबा, हे तत्त्वाचं आहे."

आता मी पडलो बँकेचा माणूस. कॅशवर होतो तेव्हा रोज हाच प्रश्न यायचा. मळकी नोट वेगळी आणि फाटकी नोट वेगळी. हळदीचे डाग पडलेली, घामाने काळी झालेली, मऊ पडलेली नोट पूर्ण किमतीची असते. ती ग्राहकाला परत करायचं कारण नाही. फाटकीचा हिशोब मात्र मोजमापाने होतो. आजच्या नियमात पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. वीसपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून मोठा तुकडा पुरतो. गंमत म्हणजे, नोटांना सगळ्यात जास्त भोकं आम्ही बँकवाल्यांनीच पाडली. शंभराच्या गड्डीला जाड पिना मारायचो. २००१ साली रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं, तेव्हा कॅशियर लोकांची बोटं रक्ताळायची थांबली.

हे सगळं नातवाला ऐकवलं. तो हुशार आहे, त्याने लगेच माझ्याच शास्त्राने मला धरलं. म्हणाला, "आबा, जिथे दिसतं तिथे हे इतके ढिले, तर जिथे दिसत नाही तिथे काय केलं असेल?"

हा मुद्दा खोटा नव्हता. इन्स्पेक्शनला आलेला साहेबसुद्धा लेजरमध्ये खाडाखोड दिसली की ती पानं आधी उघडतो. पण उघडतो, हे महत्त्वाचं. खाडाखोड बघून कुणालाही सस्पेंड करत नाहीत. म्हणून ठरलं की हेडफोन उघडून, वाकवून, ऐकून बघायचा आणि मग निकाल.

दोघं अंगणात चटई टाकून बसलो. पट्टीच्या आत पोलादाची पाती होती. हळूच ताणून सोडली की जागेवर येत होती, कुरकुर नाही. कप फिरतात ते जोड स्क्रूचे निघाले, म्हणजे कधी ढिले झाले तर आवळता येतील. चिकटवलेले असते तर मी स्वतःच परत कर म्हटलं असतं. वायर दोन्हीकडून सुटी होते. वायर ही हेडफोनची पहिली मरणारी गोष्ट, ती बदलता आली पाहिजे. गाद्यांचं रेग्झीन मला पटलं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेग्झीनचे पापुद्रे निघतात आणि आतला स्पंज ओलाव्याने भुसा होतो. पण गाद्याही सुट्या मिळतात म्हणाला. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा, मागून उघडा असा पहिलाच हेडफोन काढला. त्याचा फोटो त्याने दाखवला. साधं प्लास्टिक आणि पिवळाधमक स्पंज. देखणा कुणी म्हणणार नाही, पण लाखांनी खपला. स्पंज झिजला की नवा चढवायचा.

आत जाळीमागे पातळ पडदा, त्याला चिकटलेलं केसासारख्या तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. तार बहुधा तांब्याची, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग आपल्या मलाजखंडचं तांबंही कुणाच्या तरी कानात वाजत असेल. त्याला मलाजखंड बालाघाट जिल्ह्यात आहे हेच ठाऊक नव्हतं!

मग ऐकायची वेळ आली. आमच्याकडे आईच्या आवाजाची एकच कॅसेट आहे, १९८१ च्या दिवाळीतली. जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखव म्हणून मी हट्ट धरला होता आणि टू-इन-वन तिच्यासमोर ठेवलं होतं. आता ना आई आहे, ना ते घर. मागच्या उन्हाळ्यात नातवाने ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली होती, पण मोबाइलच्या डबीतून ऐकणं म्हणजे भिंतीपलीकडचं ऐकणं.

हेडफोन लावला. आधी तिच्या बांगड्या ऐकू आल्या. मग जात्याची घरघर, लांबून छोट्या गाडीची शिटी. आणि दुसऱ्या ओवीनंतर ती श्वास घेते तिथे, मागून, अगदी हळू, बाबांचा आवाज. "दूध बघितलंस का गं?" चाळीस वर्षं ती कॅसेट आमच्याकडे आहे. बाबा तिच्यात आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. हेडफोन मागून उघडा असल्यामुळे आवाज बाहेरही येतो. स्वयंपाकघरातून ही पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "सासूबाई बोलल्यासारखं वाटलं."

नातवाने ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे, पण फितीची सूं-सूं केवढी आहे." मला कुठलीही सूं-सूं आली नव्हती.

मी त्याला सांगितलं की आवाज उजवीकडे झुकलेला वाटतो. तो उठूनच बसला. "बघा! डावा ड्रायव्हर कमजोर. एकाच माइकचं रेकॉर्डिंग आहे, आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध यायला पाहिजे. हा खरा दोष. आता तर परतच."

मी म्हटलं, थांब. हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर. दोष कपात असेल तर आवाज आता डावीकडे झुकायला हवा. आई उजवीकडेच राहिली. पुन्हा सुलटा घातला, पुन्हा उलटा. उजवीकडेच. मग त्याने घालून बघितला, दोन्ही बाजूंनी. काही बोलला नाही. काढला आणि शर्टाच्या बाहीने गादी पुसत बसला.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून आलेख काढून दिला. वयाने दोन्ही कानांचे वरचे स्वर गेलेत, डाव्याचे जास्त. औषध नाही, पुढे यंत्र लागेल. मोबाइलच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल सरकवता येतो, तो नातवाने थोडा डावीकडे नेला. आई मधोमध आली.

सात दिवसांची मुदत त्या गडबडीत उलटून गेली. पुण्याला जाताना हेडफोन तो इथेच ठेवून गेला, आणि नंतर कुरिअरने मखमली गाद्या पाठवल्या, पावसाळ्यासाठी. टवका तसाच आहे. डावा कप कुठला, ते अंधारात नखाने कळतं.

एक काम आहे. कॅसेटची दुसरी बाजू अर्धीच उतरली, पुढे फीत आत गुंडाळून तुटली आहे. गोंदिया, वारासिवनी किंवा नागपूरला फीत जोडून देणारा कुणी जुना कारागीर अजून बसत असेल तर कृपया सांगा. मी स्वतः घेऊन जाईन, कुरिअरने पाठवणार नाही.