दोर सैल सोडताना

घोड्याच्या भीतीला मराठीत स्वतःचा शब्द आहे: बुजणे. माणूस घाबरतो, घोडा बुजतो. वर्गातल्या अबोल, अंग चोरून बसणाऱ्या मुलालाही आपण बुजरंच म्हणतो. शाळेत बत्तीस वर्षं शिकवताना मी हा शब्द कितीदा वापरला असेन. तो मुळात कसा दिसतो, हे मात्र मैनेने दाखवलं.

इंदूरहून महूकडे जाताना आमच्या दादाचं शेत लागतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात मैना तिथे आली. मारवाडी जातीची, आठ वर्षांची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. त्याआधी ती वरातीत असायची. कानाशी बँड, पायाशी फटाके, डोळ्यांवर जनरेटरचे दिवे आणि पाठीवर नवरदेव. एका वरातीत ती बिथरली आणि त्यानंतर त्या कामाची राहिली नाही, म्हणून दादाला स्वस्तात मिळाली. कपाळावर दोन भोवरे आहेत. ते बघून येणारा-जाणारा सांगे, ‘‘खोडील निघणार हं!’’ वहिनीची काळजी वेगळी होती. घरात सात वर्षांची नात आहे. ‘‘दिवाळीपर्यंत बघू या, नाहीतर देऊन टाका,’’ ती म्हणाली. दादाचे गुडघे दुखतात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. शिकवायला सईसकाका होतेच. त्यांचा जन्मच घोड्यांत गेलेला.

काकांनी आधी पशुवैद्यांना बोलावलं. दात, खूर, पाठ सगळं तपासून घेतलं. दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या कानशीने घासल्या. काका म्हणाले, ‘‘ताई, जिसको दर्द है, वो क्या सीखेगा?’’ ज्यांच्याकडे बुजणारा घोडा असेल त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

त्यानंतर आठ दिवस मी काहीच केलं नाही. रोज सकाळी वाड्यात स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसायची. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं थोडंसं आणि शेपटीमागचं. म्हणून त्याच्याकडे थेट समोरून किंवा मागून कधी जाऊ नये. बोलत बोलत, खांद्याच्या दिशेने, तिरकं जावं. टक लावून बघत सरळ चालत येणारा माणूस त्याला वाघासारखाच वाटत असणार. मी बघतच नव्हते, त्यामुळे तिला मला बघायला सवड मिळाली. सहाव्या दिवशी वर्तमानपत्राच्या कडेला गरम श्वास लागला.

मग हात लावायची वेळ आली. बहुतेक लोक आधी घोड्याचं नाक थोपटायला जातात. आयाळ संपते तिथे मानेखाली एक उंचवटा असतो. घोडे एकमेकांना तिथे दातांनी खाजवतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात असं दिसून आलं होतं. मी बोटांनी तिथे खाजवायची आणि ती मान हलवायच्या आत हात काढून घ्यायची. दोन-चार दिवसांनी हात काढला की तीच अंग पुढे सरकवू लागली.

म्होरकी चढवल्यावर खरं शिक्षण सुरू झालं. लांब दोराने घोड्याला गोल फिरवण्याला आपल्याकडे ‘कावा देणे’ म्हणत. पण काकांनी पहिले पंधरा दिवस गोल फिरवूच दिलं नाही. फक्त एक पाऊल. दोरावर बोटभर ताण द्यायचा आणि थांबायचं. ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही. तिने वजन जरी पुढे झुकवलं, तरी त्याच क्षणी दोर सैल. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण सुटतो त्या क्षणी शिकतो. उशिरा सोडलं तर आपण नेमकं काय बरोबर केलं, ते त्याला कळत नाही. सोडलंच नाही, तर माणूस म्हणजे न संपणारा ताण एवढंच तो शिकतो. वरातीत मैना हेच शिकून आली होती.

तिचं अंग वाचायलाही काकांनीच शिकवलं. मान ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुललेल्या, श्वास रोखलेला, म्हणजे थांबा. मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, पापण्या जड झाल्या, मागचा एक पाय ढिला पडला, लांब फुरफुर सुटली, म्हणजे ठीक. ओठ चाटले की घोडा निवांत झाला, असं बरेच जण सांगतात. पण ताण नुकताच सरतानाही तो ओठ चाटतो, म्हणून एकाच खुणेवर न जाता सगळं अंग बघावं.

शेवटी आवाज. मोबाइलवर ढोल लावून नात वीस पावलांवर उभी राही, आवाज अगदी बारीक. मैनेने कान टवकारले, पण ती चरत राहिली, तर तिथेच बंद. दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ. ती बुजेपर्यंत कधीच ताणलं नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये आणि भीतीच्या वस्तूकडे मारून नेलं तर भीती वाढतेच, असं त्यात आहे. काकांनी झेनोफनचं नावही ऐकलेलं नाही. ते फक्त म्हणाले, ‘‘जल्दी है, तो आज मत करो.’’

धडा रोज पंधरा-वीस मिनिटांचा. पायात बंद बूट, आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. गरीब जनावरही एका हिसड्यात बोटं तोडू शकतं.

दिवाळीत दूरवर फटाके वाजत होते. मैनेला घाम आला, पण ती दावं तोडायला गेली नाही. काकांच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. आणि मग जे कोणाच्या मनात नव्हतं ते घडलं. वरातीचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. ढोलाच्या आवाजात शांत चरणारी घोडी पाहून त्यांनी दादाने दिलेल्या रकमेच्या दुप्पट देऊ केली. ती शांत झाली, म्हणूनच तिला पुन्हा त्याच दिव्यांत न्यायला गिऱ्हाईक आलं होतं.

दादा गप्प. दाणा, नाल, औषधं, काकांचा पगार, सगळा खर्च त्याच्या डोळ्यांसमोर होता. ‘‘देऊन टाका’’ म्हणणारी वहिनीच आतून म्हणाली, ‘‘ती आपल्या माणसांपाशी शांत आहे. तिकडे तिच्यासाठी कोण थांबणार?’’ त्या महिन्यात दादाने जुनी ट्रॉली विकली. घोडी राहिली.

मैना अजून बुजते. फाटकापाशी एखादी पांढरी पिशवी उडताना दिसली की चारही पाय जमिनीत रुतल्यासारखी उभी राहते. परवा नातीच्या हातात दोर होता. तिने तो सैल सोडला, मैनेच्या खांद्याशी उभी राहिली आणि तिला शाळेतल्या गमती सांगू लागली. चारेक मिनिटं गेली असतील. मग मैनेने मान खाली घातली, लांब फुरफुरली आणि फाटकाबाहेर पहिलं पाऊल टाकलं. दोर तेव्हाही सैलच होता.